जून-जुलैत शिक्षकांना फ्लू गाठतोच का? काय काळजी घेता?

फळाखडू

शाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे होतात न होतात तोच आमच्या स्टाफरूममध्ये खोकल्याची जुगलबंदी सुरू होते. आधी पाचवी-सहावीचे वर्गशिक्षक पडतात, मग कार्यालयातले लिपिक, मग आम्ही हायस्कूलवाले. यंदाही तेच चाललंय. मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत आठवी-नववीला मराठी आणि इतिहास शिकवते. एकेका वर्गात साठच्या वर मुलं, एका बाकावर तीन-तीन. पावसामुळे खिडक्या बंद, ओल्या रेनकोटांचा वास, आणि मागच्या बाकावरून सतत खॉक-खॉक.

साधी सर्दी असेल तर कोण विचारतंय! पण फ्लूचा ताप आला की आठवडा जातो. त्यानंतरही घसा बसलेला, आणि घसा बसलेला शिक्षक म्हणजे शाई संपलेलं पेन. शिवाय घरी सासूबाई आहेत, सत्तरी पार, दम्याच्या पेशंट. मला झालं तर मी निभावीन, त्यांना झालं तर दवाखाना ठरलेला.

तर जे लोक वर्गात उभे राहून शिकवतात त्यांनी सांगा, तुम्ही नेमकं काय करता? काढ्यांच्या कृती कृपया पाककृती विभागात टाकाव्यात, इथे नकोत.

तिरकस

सोपं आहे. शिक्षकी सोडा, बँकेत लागा. तिथे लोक खोकत नाहीत, नुसते ओरडतात.

रानजाई

फळाखडूताई, तुमची मुलं निदान लांब बाकावर तरी बसतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला आहे. आमची पोरं येऊन मांडीवर बसतात. रडलं की जवळ घ्यायचं, नाक वाहिलं की आपणच पुसायचं. मागच्या आठवड्यात एका चिमणीने माझ्या पदराला नाक पुसलं आणि वर हसून सांगितलं, "बाई, आमच्या घरी समद्यांना ताप हाय." आता हिला काय 'सुरक्षित अंतर' शिकवू?

मी दोन गोष्टी करते. साडीऐवजी ड्रेस (बदली झाली तेव्हा जुन्या मुख्याध्यापकांना पटत नव्हतं, आताच्यांना चालतं) आणि ओढणीऐवजी जुन्या सुती कापडाचे चौकोनी तुकडे. ज्याचं नाक त्याला तुकडा, वापरून झाला की बादलीत. घरी गेल्यावर आधी हातपाय-तोंड, मग माझ्या लेकाला जवळ घेते. तरी वर्षातून एकदा आडवी पडतेच.

स्टेथोस्कोप

मी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो, पावसाळ्यात माझ्याकडे निम्मे पेशंट शाळेतले असतात. शिक्षक आणि विद्यार्थी दोन्ही. थोडं मूळ सांगतो, म्हणजे कशाला किती महत्त्व द्यायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

फ्लूचा विषाणू शिरला की एक ते चार दिवसांत, बहुधा दोन दिवसांत लक्षणं येतात. गोची अशी की लक्षणं दिसायच्या आधी साधारण एक दिवस माणूस रोग पसरवायला लागलेला असतो आणि पुढे पाच ते सात दिवस पसरवत राहतो. लहान मुलं त्याहूनही जास्त दिवस. म्हणजे जो खोकतोय त्याला कोपऱ्यात बसवून फारसं साधत नाही, त्याच्या शेजारचा जो आज ठणठणीत दिसतोय तोही उद्याचा पेशंट असू शकतो.

पसरतो मुख्यतः श्वासातून. खोकणं, शिंकणं, बोलणं, मोठ्याने कविता म्हणणं. मोठे थेंब दोन-तीन हातांवर खाली पडतात, बारीक कण बंद खोलीत बराच वेळ तरंगतात. दुसरी वाट हाताची: नाक पुसलेला हात बाकाला, बाकाचा हात आपल्या डोळ्याला-नाकाला. स्टील-प्लास्टिकसारख्या गुळगुळीत वस्तूंवर हा विषाणू एक-दोन दिवस टिकल्याचं प्रयोगांत दिसलंय, कागदावर आणि कापडावर त्याहून बराच कमी वेळ, आठ-बारा तासांच्या आसपास. हातावर तर मिनिटांतच कमी होतो, पण आपण तेवढ्यात डोळा चोळलेला असतो ना!

त्यामुळे माझ्या लेखी क्रम असा: लस, हवा, हात. बाकी सगळं त्याच्या खाली.

फळाखडू

धन्यवाद डॉक्टर. मग वह्यांचं काय? मी रोज एका वर्गाच्या वह्या घरी आणते. साठ मुलांचे साठ घरांतले जंतू माझ्या जेवणाच्या टेबलावर?

गणित_नको

वह्यांपेक्षा आधी स्वतःच्या जिभेकडे बघा! तुमच्या स्टाफरूममध्ये सहामाहीचे पेपर तपासताना एकदा नुसतं निरीक्षण करा. दहातले सात जण बोट जिभेला लावून पान उलटतात. पुरवण्या मोजताना तर सगळेच. आमचे एक सर आहेत, बोट ओलं केल्याशिवाय त्यांना हजेरीपटाचंही पान उलटत नाही. ज्या पानावर मुलाने शिंकून हात पुसलाय त्याच पानावरून बोट परत जिभेवर. विषाणूला यापेक्षा सोयीची एसटी कुठली मिळणार?

उपाय पंचवीस-तीस रुपयांत होतो. स्टेशनरीच्या दुकानात कॅशियर लोक वापरतात ती गोल डबी मिळते, आत स्पंज असतो. पाणी घालायचं, बोट त्यावर टेकवायचं. रबरी टोपीही मिळते बोटावर चढवायची, पण तिने मला लिहिता येत नाही.

स्टेथोस्कोप

@गणित_नको, एक नंबर मुद्दा. हे मी माझ्या पेशंटना सांगतो तेव्हा ते आधी हसतात आणि मग गप्प होतात.

@फळाखडू, वह्या आज गोळा केल्या तर उद्या तपासा. रात्रभर पिशवीत पडून राहिल्या की कागदावरचा धोका जवळपास संपतो. सॅनिटायझर फवारत बसू नका, शाई फुटेल आणि पालक भांडायला येतील. तपासताना चहा-बिस्किटं बाजूला ठेवा, झालं की साबणाने वीस सेकंद हात धुवा. बास.

नाना_निवृत्त

२००९ साली मी पुण्यात एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्या वर्षी ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने स्वाइन फ्लूची महासाथ जाहीर केली आणि ३ ऑगस्टला त्या आजाराचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळकरी मुलीचा. पुढच्या काही दिवसांत शाळा बंद, मॉल बंद, चित्रपटगृहं बंद. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा. रस्त्यावर सगळीकडे मास्क, काही नाही तर रुमाल. औषधाच्या दुकानात मास्क मिळेना, आणि गळ्यात कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या. आमच्या एका शिक्षिकेने अख्ख्या स्टाफसाठी पुरचुंड्या शिवून आणल्या होत्या. मीही बांधली. वास छान येत होता, याउपर तिच्याकडून माझी काही अपेक्षा नव्हती.

शाळा परत सुरू झाल्यावर मी तीन हुकूम काढले. पहिला: शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस बंद. हे बक्षीस म्हणजे तापलेल्या पोराला शाळेत आणायचं आमंत्रण असतं. त्या बक्षिसासाठी मुलं रडून, आई-बापाकडे हट्ट धरून शाळेत येतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. दुसरा: प्रत्येक वर्गाच्या समोरासमोरच्या निदान दोन खिडक्या उघड्या राहतील, पाऊस असला तरी. तिसरा: ताप आलेल्या मुलासाठी कार्यालयाबाहेरच्या व्हरांड्यात एक बाक आणि पांघरूण, पालक येईपर्यंत तिथे.

पहिल्याला विरोध झाला संस्थाचालकांकडून, दुसऱ्याला शिपाईमामांकडून. दुसरा विरोध जास्त टिकाऊ निघाला.

सह्यकडा

नाना, खिडक्यांचं अगदी खरं. आमच्या शाळेत खिडक्यांचे आकडे कधीच तुटलेत. वाऱ्याने आपटून काच फुटते म्हणून मामांनी जूनमध्येच सुतळीने बांधून टाकल्यात त्या, दिवाळीला सुटतात.

पण डॉक्टर, लसीचं पटत नाही. माझ्या भावाने दोन वर्षांपूर्वी घेतली, तरी दोन महिन्यांत ताप-खोकला झालाच. बरं, दीड-दोन हजार रुपये खिशातून, आणि ते दर वर्षी!

स्टेथोस्कोप

सह्यकडा, हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो, म्हणून सविस्तर.

एक, ताप-खोकला म्हणजे फ्लूच असं नाही. पावसाळ्यात डझनभर वेगवेगळे विषाणू हेच सोंग घेऊन फिरत असतात. फ्लूची लस फक्त फ्लूवर चालते. भावाला फ्लूच झाला होता हे तपासणीशिवाय कळणार नाही.

दोन, ही लस गोवरच्या लसीसारखी भक्कम नाही, हे मान्य. लसीतले प्रकार आणि गावात फिरणारे प्रकार जुळले त्या वर्षी ती दवाखान्यात जायची वेळ साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. जुळले नाहीत तर त्याहून कमी. पण घेऊनही झाला तर बहुधा हलका जातो, न्यूमोनियापर्यंत जायची शक्यता घटते.

तीन, दर वर्षी का? कारण विषाणू रूप बदलत राहतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीतले प्रकार ठरवून देते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. कुपीवर तसं लिहिलेलं असतं, मागून बघा. जुन्या वर्षाचा साठा कोणी देत असेल तर नको म्हणा. बी-यामागाटा नावाचा एक प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठे सापडलेला नाही, म्हणून आता चाराऐवजी तीन प्रकारांची लस पुरे असं संघटनेने सांगितलंय. 'मला चारचीच हवी' म्हणून हटून बसू नका.

चार, वेळ. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात, आणि अनेकदा दुसरी जानेवारी ते मार्च. लस अंगी लागायला सुमारे दोन आठवडे जातात. म्हणजे शिक्षकांना सोयीचा मुहूर्त मे महिना. निकाल लावा, लस घ्या, मग गावाला जा. आता जुलै असला तरी उशीर झालेला नाही.

इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो, त्यामुळे लसीने फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण वाटते. गरोदर शिक्षिकांनी तर आवर्जून विचारावं. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही, आईने घेतली तरच त्याला थोडं कवच मिळतं. आणि फळाखडूताई, तुमच्याआधी सासूबाईंना द्या.

ओसाकाकर

मी जपानमध्ये राहतो, मुलगी इथल्या सरकारी शाळेत चौथीला आहे. इथला नियम सांगतो. फ्लू झालेल्या मुलाला लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवस, आणि ताप उतरल्यापासून दोन दिवस, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्याशिवाय शाळेत येता येत नाही. महत्त्वाचं म्हणजे ते दिवस गैरहजेरीत धरत नाहीत. एका वर्गात बरीच मुलं आजारी पडली तर फक्त तेवढा वर्ग काही दिवस बंद ठेवतात, बाकी शाळा चालू.

आणखी एक. जपानने १९६२ पासून शाळकरी मुलांना फ्लूची लस द्यायला सुरुवात केली आणि १९९४ मध्ये तो कार्यक्रम थांबवला. २००१ साली छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं की मुलांना लस मिळत होती त्या काळात म्हाताऱ्या माणसांचे मृत्यू कमी झाले होते, आणि थांबवल्यावर पुन्हा चढले. म्हणजे नातवाला टोचलं की आजी वाचते. यावर तज्ज्ञांत वाद आहेत, तरी मला हा प्रकार भारी वाटतो.

तिरकस

जपान, फिनलंड आणि सिंगापूर आल्याशिवाय शिक्षणाचा धागा पूर्ण होत नाही असा नियम आहे का? एक आला, दोन बाकी. :)

दोन_पोरांची_आई

शिक्षक मंडळी, राग मानू नका पण दुसरी बाजू मांडते. तापात पोराला शाळेत पाठवणारी आई मी आहे. हौसेने नाही. मी कंपनीत पॅकिंगला जाते, नवरा रिक्षा चालवतो, सासर गावाकडे. पोराला घरी ठेवलं तर माझा दिवस बुडतो. दोन दिवस ठेवलं तर सुपरवायझर म्हणतो उद्यापासून येऊच नको. सकाळी गोळी दिली की ताप उतरतो, पोरगं खेळायला लागतं, मग वाटतं जाऊ दे शाळेत. 'पालक बेजबाबदार' म्हणणं सोपं आहे. शाळेत निदान सावली आहे, जेवण आहे, कोणीतरी लक्ष द्यायला आहे.

रानजाई

ताई, राग कसला. आमच्याकडे ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं आजीकडे असतात, आजी स्वतः रोजाने जाते. मी तापलेलं पोर घरी पाठवलं तर ते कुलूप लावलेल्या घराच्या ओट्यावर बसून राहतं. त्यापेक्षा माझ्यासमोर झोपलेलं बरं. पोषण आहाराची खिचडीही पोटात पडते.

फळाखडू

आई, तुमचं म्हणणं रास्त आहे. फक्त एक सांगते, आमच्या बाजूने दिसतं ते. सकाळी दिलेली गोळी चार-सहा तास चालते. आमची शाळा अकराची. मधली सुट्टी संपली की तीनच्या सुमारास तेच पोर बाकावर डोकं टेकवून बसतं, डोळे लाल, हात लावला तर चटका बसतो. कोणाला काही सांगत नाही, कारण आईने बजावलेलं असतं 'बाईंना सांगू नको, घरी पाठवतील.' तोवर ते शेजारच्या दोघांच्या डब्यातलं जेवलेलं असतं. पाठवायचंच असेल तर निदान गोळी दिलीय हे आम्हाला कळवा. आम्ही ओरडणार नाही, खिडकीपाशी बसवू आणि लक्ष ठेवू.

दोन_पोरांची_आई

हे मात्र करता येईल. डायरीत लिहून देत जाईन.

तासिका_शिक्षक

सगळे म्हणतायत, आजारी असाल तर घरी थांबा. कायम नोकरीवाल्यांना ठीक आहे, वैद्यकीय रजा टाकता. मी तासिका तत्त्वावर कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर शून्य. शंभर ताप असताना मी भौतिकशास्त्राचं प्रात्यक्षिक घेतलंय. मी आजार पसरवला असेन, नक्की असेन. पण त्या महिन्याचं घरभाडं कोण देणार होतं?

बरं, कायमवाले तरी कुठे थांबतात? एक शिक्षक रजेवर गेला की त्याचे तास ऑफ तासवाल्यांच्या डोक्यावर. म्हणून सहकारीच विचारतात, 'थोडाच ताप आहे ना, या की.'

नाना_निवृत्त

तासिका_शिक्षक, तुमच्या प्रश्नाला या धाग्यावर उत्तर नाही, मंत्रालयात आहे. पण बदली तासांबद्दल सांगतो. मी जूनमध्येच प्रत्येक शिक्षकाकडून आपल्या विषयाचे दोन तास पुरतील असे स्वाध्याय लिहून घ्यायचो, कार्यालयात फाइल. कोणी आजारी पडलं की ती फाइल काढायची, दोन तुकड्या हॉलमध्ये किंवा पाऊस नसला तर पटांगणात झाडाखाली एकत्र बसवायच्या, एका शिक्षकाने बघायचं. उघड्यावर बसवलं की रोगही कमी पसरतो. आजारी माणसाला अपराधी वाटत नाही, हे त्यातलं सर्वांत मोठं काम. तुमच्या शाळेत निदान एवढं मागून घ्या.

वऱ्हाडी_मास्तर

आमच्याकडं शाळाच जूनच्या शेवटी उघडते, त्यामुळे तुमची साथ आमच्याकडं पंधरा दिवस उशिरा येते, तारखा बघून घ्या. :) मी विज्ञान शिकवतो. शाळेत कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र आणलं होतं प्रदर्शनासाठी. बाहेरच्या हवेत सव्वाचारशेच्या आसपास दाखवते, दर दहा लाखांत. सहावीचा वर्ग, खिडक्या बंद, तास संपता संपता आकडा दोन हजारांच्या वर! हजाराच्या वर गेला की समजायचं आपण एकमेकांची सोडलेली हवा परत ओढतोय. पोरांनी स्वतःच खिडकी उघडली, दार उघडलं, आणि दहा मिनिटांत आकडा निम्म्यावर. त्या दिवसापासून सहावीत खिडकी-मंत्री नेमलाय. भांडण होतं त्या पदासाठी.

पावसाचं म्हणाल तर वारा ज्या बाजूने येतो ती बाजू बंद करा, उलट्या बाजूची उघडा. वरचे झरोके पोत्यांनी बुजवलेले असतात बघा चिमण्यांसाठी, ते मोकळे करून जाळी ठोका. पंखा नुसता फिरवून उपयोग नाही, तो तीच हवा घोळवतो. वारा आरपार पाहिजे.

गणित_नको

खिडकी-मंत्री! आवडलं.

मास्कबद्दल कोणी बोललं नाही. माझा अनुभव: एन-९५ लावून सलग पाच तास शिकवणं अशक्य. आवाज चढवावा लागतो, घसा आणखी फाटतो. कमरेला लावायचा छोटा माईक घेतला मी, कानावरून तोंडाशी येतो तो. त्याने घसा वाचतो, आणि मास्कमधूनही आवाज मागच्या बाकापर्यंत जातो. तरी रोज नाही लावत. साथ जोरात असते तेव्हा वह्या बघायला बाकांमधून फिरताना आणि एसटीत.

सह्यकडा

रच्याकने (जाता जाता), वर्गापेक्षा आमची स्टाफरूम जास्त धोक्याची आहे. बारा बाय पंधराच्या खोलीत वीस माणसं, एक खिडकी, तिच्यापुढे कपाट. सगळे डबे मध्ये ठेवून एकमेकांच्या भाजीत चमचे. वर्गात निदान मी फळ्याशी आणि मुलं समोर असतात, इथे तोंडाला तोंड लावून मूल्यमापनाची चर्चा.

रानजाई

+१. आम्ही व्हरांड्यात जेवतो आता. भाजी वाढून घेतो आधीच, मग डबा बंद. गप्पा तेवढ्याच होतात.

साबणाचं पण सांगते. शाळेत हात धुवायची जागा आहे, नळ आहे, साबण मात्र दोन दिवसांत गायब. कावळे नेतात, पोरं नेतात, विरघळतो. आमच्या स्वयंपाकीण मावशींनी तोडगा काढला. कांद्याच्या जाळीत साबण घालून ती नळाला गाठ मारून टांगली. जाळीला फेसही चांगला येतो. आणि खिचडीच्या आधी रांगेतल्या प्रत्येकाने हात धुताना पाढा म्हणायचा, दोनचा आणि तीनचा सावकाश म्हटला की वीस सेकंद होतात. पाढेही पाठ झाले.

इतिहासाचा_किडा

अवांतर: १९१८ ची फ्लूची साथ आपल्याकडे 'मानमोडी' म्हणून ओळखली गेली. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई आधी आजारी पडले. ती लाट ओसरली, लोक निर्धास्त झाले, आणि सप्टेंबरमध्ये दुसरी आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं गेली. हिंदुस्थानात मिळून एक कोटीच्या वर. आजच्या फ्लूशी तुलना नाही, पण 'साधा फ्लू' म्हणताना मला हे आठवतं.

स्टेथोस्कोप

अवांतर मुळीच नाही. आता माझ्याकडून शेवटचं, कारण दवाखाना उघडायचाय.

झालाच तर काय: फ्लूवर अँटिबायोटिक चालत नाही, मागून घेऊ नका. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, पेज, झोप. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. काढा, हळद-दूध, वाफ यांनी बरं वाटतं तर जरूर घ्या, पण त्याने विषाणू मरत नाही आणि लसीची जागा भरत नाही. वाफ घेताना पोरं भाजतात, तेवढं सांभाळा. ऑसेल्टामिविर हे खास औषध आहे, ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वांत उपयोगी, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. दमा, मधुमेह, हृदयाचा त्रास असलेले, गरोदर बायका आणि साठी-पासष्टीपुढचे यांनी 'बघू दोन दिवस' म्हणू नये.

धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ-नखं निळी पडणं, गुंगी, थुंकीतून रक्त, किंवा उतरलेला ताप परत उसळणं, यातलं काही दिसलं तर थेट रुग्णालय.

शाळेत परत कधी? औषधाशिवाय पूर्ण एक दिवस ताप नसला तर, हा किमान हिशेब. जपानचा नियम आपल्याला झेपला तर उत्तमच. परतल्यावर चार-पाच दिवस मास्क लावा.

फळाखडू

खूप काही हाती लागलं. लसीचं घरात बोलले. सासूबाई आधी नाही म्हणाल्या, मग त्यांची मैत्रीण घेऊन आली म्हटल्यावर तयार झाल्या. दोघींचं शनिवारी ठरलंय. स्टाफरूमचं कपाट हलवायला मुख्याध्यापक 'बघू' म्हणालेत, त्याचा अर्थ तुम्ही जाणताच.

शनिवारच्या पालकसभेत वाटायला एक चिठ्ठी लिहिली आहे. बघा बरं:

"प्रिय पालक, सध्या तापाची साथ आहे. मुलाला ताप असेल तर शक्य असल्यास घरी ठेवावे. ती गैरहजेरी आम्ही बक्षिसासाठी मोजणार नाही. घरी ठेवणे शक्यच नसेल तर सकाळी पॅरासिटामॉल दिले असल्यास डायरीत वेळ लिहावी व दुपारी फोन लागेल असा क्रमांक द्यावा. मुलाला रागावले जाणार नाही. सोबत स्वतंत्र रुमाल व पाण्याची बाटली द्यावी. मुलाला धाप लागत असेल किंवा ते गुंगीत असेल तर शाळेत न पाठवता दवाखान्यात न्यावे."

दोन_पोरांची_आई

चांगली आहे. 'पॅरासिटामॉल'च्या जागी 'तापाची गोळी किंवा औषध' लिहा, आमच्याकडे बाटलीचं नाव कोण वाचतं? आणि 'मुलाला रागावले जाणार नाही' हे वाक्य ठळक करा.

नाना_निवृत्त

'शक्य' हा शब्द दोनदा येऊ देऊ नका, संस्थाचालक त्याचाच आधार घेतात. आणि बक्षिसाबद्दलचं वाक्य छापायच्या आधी मुख्याध्यापकांची सही घ्या, नाहीतर वार्षिक स्नेहसंमेलनात तेच बक्षीस तुमच्याच हस्ते द्यायला लावतील.